तालमीची खूण

ये वो विमल, इकडं सरक. अशी दाराजवळ पाहुण्यासारखी काऊन बसते? दिवाळीपासून तोंड नाई दाखवलं मले. वर्ध्याले बाजाराले येते, दवाखान्यात येते, सुनेसंग साड्या घ्यायले येते — मले सगळं कळते, तुमच्या रोहण्याच्या गाडीचा कंडक्टर माझ्या भाचीचा दीर आहे — पण माझं सिंदी मेघे आलं की बाईची मान दुसरीकडं. एवढी काय मी तिखट झाली?

तू समोर असती तर असंच बोलली असती. समोर नाई म्हणून कागदावर बोलून राह्यली. अन् खरं सांगू का — समोर असती तर पुढचं बोललीच नसती. बारा वर्षं तू समोर होती. तेव्हा कुठं तोंड उघडलं?

हे मी कोणालेच सांगितलं नाई. पोराले नाई, सुनेले नाई, तुझ्या भाऊजीले तर ते असतानी पण नाई. देवालेसुद्धा नाई वो. देवापुढं बसली की मी गुडघ्याचं सांगते, पाण्याच्या टाकीचं सांगते, अन् उठते.

मंग आताच काऊन? परवा तुझ्या सुनेचा फोन आलता. म्हणे, "मोठ्या आई, नागपूरले एक दुकान सापडलं. बिघडलेल्या सीडीतून काढून देतात म्हणे सगळं. आई देव्हाऱ्यातली सीडी द्यायले तयार झाल्या. आजीचा आवाज येईल आता!" किती खूश होती पोरगी. मी म्हटलं, हो का वो, लई चांगलं झालं. फोन ठेवला अन् कोहळं चिरायले बसली. चिरून झाल्यावर पाह्यलं तर साल गंजात अन् फोडी कचऱ्यात.

म्हणून लिहून राह्यली. तुले अर्धं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मधून धरलं तर मी पुन्हा कुठंतरी वळण घेईन. मले वळणं घ्यायची सवय आहे — या गोष्टीत तर लईच.

आपल्या रोहण्याच्या वाचनालयात मी कशी लागली ते आठवते ना? झाडायले अन् कुलूप उघडायले. चौथी पास बाई. पुस्तकं देता-घेता वाचायले लागली, वाचता-वाचता रजिस्टर लिहायले लागली. अन् मंग वानखडे सरांनी तो जुना कॉम्प्युटर आणला. शाळेतून रिटायर झालेले, विज्ञानाचे मास्तर, त्यांच्या अंगात स्वस्थ बसणं नोतं. त्यांनी त्यात लिनक्स टाकलं. मले म्हणे, "कुसुमताई, ही सिस्टीम कोणाच्या मालकीची नाही. जगातल्या लोकांनी मिळून केली आहे. जशी तुम्ही बायका मिळून पापड करता." मले ते लई आवडलं. पापडासारखं कॉम्प्युटर! सहा महिन्यांत मी त्यात कमांड टाकायले शिकली. चष्मा नाकावर, एका बोटानं, पण टाकायची.

मंग सरांनी काढलं की गावातल्या म्हाताऱ्या माणसांले बोलतं करायचं अन् टेपवर घ्यायचं. कोणती विहीर कोणी खोदली, कोणत्या साली कॉलरा आला, असं सगळं. बाकीचे बोलले. पण तुझी माय? सरूमाय टेपकडं पाहून म्हणे, "या डबड्याशी मी नाई बोलत." सर समोरून उठून गेले तेव्हा कुठं माझ्याशी बोलली. अन् बोलली तर सहा तास बोलली, चार दिवसांत. गावात तिच्या हातून झालेली सगळी बाळंतपणं. लिहिता येत नोतं तिले एक अक्षर, पण कोणाचं लेकरू कोणत्या घरी, कोणत्या सणाच्या मागं-पुढं, पायाळू की सरळ, रडलं कवा — सगळं एकामागं एक, जसं कोणी वाचून दाखवते. तुझ्या जन्माचं पण सांगितलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन दारात आलती बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागायले, अन् ती एका हातानं पोरांले हाकलून राह्यली अन् स्वतःच्याच कळा आवरून राह्यली. "माह्यं बाळंतपण माह्यं मीच केलं," म्हणे, अन् हासली. ते हासणं त्या टेपमध्ये होतं, विमल.

त्या टेपमध्ये होतं म्हणते, तेही खरं नाई. आमच्याजवळ डझनभरच कॅसेटी. नवीन मिळत नोत्या, दुकानदार हासायचे, आता कोण वापरते कॅसेट म्हणून. म्हणून एकाचं बोलणं झालं की ते कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं अन् त्याच कॅसेटवर दुसऱ्याचं घ्यायचं. तुझ्या मायच्या आवाजावर नंतर पाटलाच्या म्हाताऱ्याचा आवाज चढला, त्याच्यावर आणखी कोणाचा. उतरवतानी कानाले हेडफोन लावून सगळंच्या सगळं मी ऐकलं. एवढं ऐकणारी जगात मी एकटी. अन् ते सगळं एका हार्डडिस्कवर.

सर रोज म्हणायचे — एका जागी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही. म्हणून सीड्या करायच्या ठरल्या. डीव्हीडी म्हणायचं त्याले, पण आपण सगळ्यालेच सीडी म्हणायचो. बॅकअपचा प्रोग्राम बसवला. अन् तो काई केल्या चालेना! सीडी ट्रेमध्ये टाकली की कॉम्प्युटर आपणच तिले उघडून पाहायले जाये, अन् बॅकअपवाला म्हणे, ड्राइव्ह बिझी आहे. कवा अर्ध्यात थांबे. कवा नव्वद टक्क्यावर जाऊन तोंड फिरवे. सरांनी दोन रविवार घातले तेव्हा कारण सापडलं. ते आपणच उघडणं बंद केलं, स्पीड कमी केला. तोवर आठ-दहा सीड्या वाया गेल्या. त्याच तुझ्या घरच्यांनी वावरात नेल्या होत्या, आठवते? ज्वारीवर सुतळीनं टांगल्या, पाखरं भिवावीत म्हणून. पाखरं काई भेली नाईत, पण धुऱ्यावरून जाणारे लोक थांबून पाहायचे.

मी पण पाह्यच्या त्या. अन् मले कळलं की जिथवर लिहिल्या गेलं तिथवर सीडीच्या खालून एक गडद कडं दिसते. कोरी असली की सगळीकडं एकसारखी चमकते. सरांले सांगितलं तर म्हणे, "अहो, हे तर मीही कधी नीट पाहिलं नव्हतं." दोन दिवस फुगून होती मी.

हे कडं ध्यानात ठेवजो.

आणखी सीड्या वाया जाऊ नाई म्हणून सरांनी एक युक्ती काढली. त्या प्रोग्रामात एक खूण होती, टिक करायची. ती केली की मशीन सगळं करते — सीडी फिरवते, टक्के दाखवते, शेवटी सक्सेस म्हणून हिरवं अक्षर आणते — फक्त आतला लेझर पेटवत नाई. लिहीत काईच नाई. सर त्याले तालीम म्हणायचे. आधी तालीम, ती नीट झाली की खूण काढायची अन् मंग खरं लिहायचं. आमची रीतच ठरली ती. जगात कोणी करत असेल का असं? बाकीचे लोक सरळ लिहीत असतील. आम्हाले एक सीडी वाया जाणं जिवावर यायचं.

आता सांगते. सांगतेच.

सर आठ दिवस पोरीच्या सासरी गेलते, अकोल्याकडं. अन् रविवारी कार्यक्रम ठरलेला — सगळे आवाज सीडीवर आले म्हणून. वाचनालयाच्या अध्यक्षांनी काचेचं कपाट बनवून आणलं. सर जातानी म्हणे, "कुसुमताई, तुम्ही आहात म्हणून निघतो. प्रत्येक सीडी झाली की परत टाकून थोडी वाजवून पाहा." मी हो म्हटलं. सोमवारी पहिली सीडी घेतली. तालीम केली. नीट झाली. दोन तास लाइन येत होती तेव्हा, दोन तास जात होती. वाजवून पाहण्यात वेळ घालवला तर रविवारपर्यंत व्हायचं नाई, म्हणून नाई पाह्यलं. हिरवं अक्षर आलं की सीडी काढायची, मार्करनं नाव लिहायचं, कागदी पाकिटात घालायची, दुसरी टाकायची. माझं अक्षर चांगलं. नऊ नंबरवर लिहिलं — सरूबाई, सुईण. नावाखाली एक लहानसं फूल पण काढलं.

शुक्रवारी दुपारी सत्तावीसवी काढली. खिडकीतून ऊन येत होतं. सहज उलटी करून पाह्यली.

कडं नाई.

तुले सांगू, पहिल्यांदा मले राग आला. मशीनचा! पाच दिवस हिरवं-हिरवं दाखवून मले फसवलं मेल्यानं — खरंच असं वाटलं. मंग पडद्याकडं पाह्यलं. तालमीची खूण तशीच. सोमवारी केलेली, तशीच. पाकिटातून सव्वीसच्या सव्वीस काढल्या अन् उन्हात धरल्या. एकीतही कडं नाई. सगळ्या तोंड पाहून घ्यावं अशा लख्ख.

इथवरची चूक म्हण हवं तर. विसरली बाई. पण मी विसरण्याबद्दल कागद नाई लिहून राह्यली. कोऱ्या होत्या म्हणजे बिघडल्या नोत्या. हार्डडिस्क जागेवर होती. सरांले एक फोन केला असता, ते हासले असते, रविवारचा कार्यक्रम पंधरा दिवस पुढं गेला असता. बस. एवढंच होतं.

मी काय केलं? उरलेल्या सात सीड्या मशीनमध्ये टाकल्या पण नाई. खूण काढून त्या सात तरी खऱ्या लिहायच्या होत्या ना? तेही नाई. मनात आलं, सात खऱ्या अन् सत्तावीस कोऱ्या असल्या तर कोणीही विचारेल की असं काऊन. सगळ्या सारख्या राहू दे, सोमवारी एकदमच करू. म्हणून सातांवर नुसती नावं लिहिली. दुपारी तीन वाजता टेबलाशी बसून, चांगल्या अक्षरात, सात मेलेल्या-जित्या माणसांची नावं कोऱ्या सीडीवर. हात कापला नाई माझा. कापला म्हणून सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं — पण नाई कापला.

रविवारी मले शाल दिली, नारळ दिला. चौथी पास बाईनं कॉम्प्युटर शिकून गावाचा आवाज सांभाळला, असं अध्यक्ष बोलले. सरूमायले जाऊन तेव्हा दोनच महिने झालते. तू सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडून रडली. माझ्या कानाशी म्हणाली, "कुसुमबाई, माह्या मायले ठेवलं वो तुम्ही." मी तुझी पाठ थोपटली.

मंग सोमवारी काऊन नाई केल्या? कपाटाची चाबी अध्यक्षांजवळ होती. मागितली असती तर विचारलं असतं, कशाले. सर आले होते परत, ते बाजूले बसायचे. आज नाई उद्या. उद्या बाजार. उद्या पाहुणे. तीन महिने, विमल. नव्वद दिवस मी रोज त्या कपाटाच्या काचेवरची धूळ पुसायची. आतून चौतीस पाकिटं मले पाहायची.

पोळ्याच्या आठ दिवस आधी गावातली डीपी जळाली. दुरुस्त करून लाइन सोडली ती एकदम चढी. कोणाचा पंखा गेला, कोणाचा टीव्ही. वाचनालयाचा कॉम्प्युटर गेला तो हार्डडिस्क घेऊन. जळका वास मलेच पहिल्यांदा आला. लोक म्हणे, घाबरता काऊन, सीड्या आहेत ना. सर पण हासत होते — "म्हणूनच केल्या होत्या." शाळेतला एक कॉम्प्युटर मागून आणला. तू, तुझी सासू, अध्यक्ष, सगळे गोल बसले. सरांनी एक नंबर टाकली. कोरी. दोन नंबर. कोरी. पाच-सहा झाल्यावर त्यांनी उलटी करून उजेडात धरली. कडं पाह्यलं. नोतं. ते कडं पाहणं मीच त्यांले शिकवलतं.

मंग माझ्याकडं वळून हळूच विचारलं. ओरडून नाई, चिडून नाई. "कुसुमताई, तालमीची खूण काढली होती ना?"

मी म्हटलं, "हो सर. काढली होती. एक-एक वाजवून पाह्यली मी."

हेच आहे ते. यापेक्षा मोठं काई निघणार नाई या कागदातून. दोन वाक्यं. तुम्ही सगळे पाहून राह्यले होते अन् मी खांद्यावरचा पदर सारखा करत बोलली.

सरांनी पुन्हा विचारलं नाई. विश्वास ठेवला. अन् विश्वास ठेवला म्हणूनच त्यांचा घात झाला, कारण खरं कारण त्यांनी त्याच दिवशी यादीतून काढून टाकलं अन् बाकीच्या जगात शोधायले निघाले. दोनशे पानी वही केली. लेझर कमजोर झाला असेल का? दुसरा ड्राइव्ह आणला. सीड्याच खराब होत्या का? आपल्याकडच्या मे महिन्यात टिनावर नव्यानं लिहिलेल्या सीड्या वाळत घातल्या बापा त्यांनी, अर्ध्या उन्हात, अर्ध्या माठाखाली ओलाव्यात, अन् रोज पाहायचे लिहिलेलं उडते का. लोक म्हणे, मास्तर सीड्यांचे पापड करून राह्यले. मी पण हासली त्या हासण्यात. प्रोग्राम बनवणाऱ्या लोकांले परदेशात मेल लिहिले. त्यांनी चांगल्या शब्दांत उत्तर दिलं — तुमच्या माणसाकडून तालमीची खूण राहून गेली असेल, एकदा विचारून पाहा. सरांनी त्याचं उत्तर इंग्रजीत लिहिलं अन् मले मराठीत वाचून दाखवलं. "आमच्या कुसुमताई खोटं बोलत नाहीत."

मी त्यांच्यासाठी चहा ठेवायले आत गेली.

अन् तू काय बोलली त्यांले, ते तुले आठवते. मी पुन्हा लिहिणार नोती, पण लिहिते, कारण ते शब्द तुझे असले तरी तुझ्या हाती मीच दिलते. तू म्हणाली, "सर, तुमच्या फुकटच्या सिस्टीमनं माह्या मायले दुसऱ्यांदा मारलं." भर वाचनालयात. मी दोन हात अंतरावर पुस्तकं लावून राह्यली होती. सरांनी मान खाली घालून वही बंद केली. त्यानंतर दोन-चार वेळा आले असतील. मंग कारंज्याले गेले, पोराकडं. गाव सोडलं म्हणतात लोक. सोडलं नाई वो. सोडवलं.

अन् सीडी. नऊ नंबर. सर तुले स्पष्ट सांगत होते — विमलताई, यात काही नाही. खरं सांगणारा एकटा तोच माणूस होता. अन् मी तुले अंगणात बाजूले घेऊन म्हटलं, "सरांले काय कळते. आत असेल वो आवाज, निघून नाई राह्यला एवढंच. आशा सोडू नको." काऊन म्हटलं असं? तुले बरं वाटावं म्हणून? नाई. आत असेल तर मी लिहिली होती असं होते, म्हणून. तू ती घरी नेली. देव्हाऱ्यात ठेवली. नवरात्रात मी तुझ्या घरी आली तर सीडीले हळद-कुंकू लावलेलं, माझ्या हातच्या त्या फुलावर. तू म्हणाली, कुसुमबाई, तुम्ही पण लावा. मी लावलं.

बारा वर्षं मी लोकांले सांगत फिरली की मशीननं दगा दिला. इकडं सिंदी मेघेच्या भजनी मंडळात पण सांगितलं. फसवल्या गेलेल्या बाईले लोक लई माया करतात, विमल. बसायले पाट देतात, च्या देतात. ती माया मी पोटभर घेतली. कवा-कवा तर खरंच फसल्यासारखं वाटायचं, एवढं ते तोंडात बसलं होतं. पोराचा लॅपटॉप हिरवं अक्षर दाखवते तर मी म्हणायची, याच्यावर भरोसा ठेवू नको रे, मले विचार. काय तोंड वर करून म्हणायची!

तुझ्या सुनेचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आर्वीले गाडी बदलून कारंज्याले गेली. आधी त्यांले सांगावं वाटलं. सरांचं घर हायवेच्या बाजूले, एका ढाब्याच्या मागं, ट्रकचे हॉर्न घरात येतात. ऐंशीच्या वर झाले आता. मले पाहून खाटेवरून उठायले लागले. "कुसुमताई! अहो, मी तुम्हाला फोनच करणार होतो. त्या जुन्या ड्राइव्हसारखाच ड्राइव्ह मिळाला नागपुरात. आता बघा, कारण सापडतं की नाही." टेबलावर तो ड्राइव्ह उघडून ठेवलेला, बाजूले भिंग, बाजूले वही. वहीले आता तिसरं पुठ्ठं लागलं आहे. मले बसवलं अन् स्वतःच्या हातानं संत्रं सोलायले घेतलं.

मी बसल्या-बसल्याच सांगितलं. वळण नाई घेतलं. इथं घेतली तेवढी पण नाई.

त्यांचे हात संत्र्यावर थांबले. विचारलं, "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो सर."

"खूण राहून गेली होती हे नंतर कळलं, असं नाही."

"नाई सर. तीन महिने आधी माहीत होतं."

त्यांनी संत्रं कागदावर ठेवलं. मंग ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "यंत्रानं फसवलं असतं तर ठीक होतं. यंत्र उघडून पाहता येतं." अन् त्या उघड्या ड्राइव्हकडं हात केला. "बारा वर्षं मी हेच उघडून पाहत होतो."

त्यांची सून च्या घेऊन आली. सर म्हणाले, "राहू दे. त्यांची गाडी चुकेल." माझी गाडी दोन तासांनी होती. त्यांले माहीत होतं. मी उठली. दारापर्यंत आले नाई ते. वही तेवढी पुढं केली — "ही घेऊन जा. माझ्याकडे हिचं काम उरलं नाही." सोललेलं संत्रं तसंच कागदावर राह्यलं. मी ढाब्यासमोर स्टॉपवर बसून राह्यली, दोन तास.

वही आता माझ्याजवळ आहे. पहिलं पान उघडलं. सरांचं शाळेतल्या फळ्यासारखं सरळ अक्षर. एक नंबरले लिहिलं आहे — तालमीची खूण राहिली असेल का? त्यापुढं — नाही. कुसुमताईंनी खात्री दिली. त्याच्याखाली रेघ. मंग दोन नंबरपासून पुढं सगळी वही.

तू नागपूरले पाठवशील तर तो दुकानवाला सांगेलच की कोरी आहे. मी गप बसली असती तरी चाललं असतं, दोष पुन्हा मशीनवर गेला असता. हे मी फोन ठेवल्याबरोबर मनात मोजून पाह्यलं, तेही लिहून ठेवते. पण मंग तू पुन्हा त्या म्हाताऱ्या माणसाले शिव्या घातल्या असत्या. म्हणून लिहिते — नऊ नंबरमध्ये काई नाई, विमल. कवाच नोतं. तुझ्या मायचा आवाज अडकलेला नाई. तो गेला. मी घालवला, अन् बारा वर्षं तुले कोऱ्या थाळीले हळद-कुंकू लावू दिलं.

मले तिचं बोलणं थोडंफार आठवते. सगळं ऐकणारी मी एकटीच होती म्हणून सांगितलं ना वर. पण आता मलेच कळत नाई की तान्ह्या पोळ्याची गोष्ट तिनं खरंच तशी सांगितली का मी मागून घातली. हासली ते पक्कं. बाकीचं — माझ्या तोंडचं आता कोण खरं मानेल? तू मानू नको.

माफ कर असं मी नाई लिहीत. ते मागायचं तोंड सरांच्या दारात पण उघडलं नाई.

पण येजो. लवकर येजो. वही इथं टेबलावर काढून ठेवली आहे, पहिलं पान तू आपल्या डोळ्यानं पाह्यलं पाहिजे, सरांशी कसं बोलायचं ते मंग तुझं तू पाह्यजो. च्या नाई घेतला तरी चालेल. माझ्याशी नाई बोलली तरी चालेल. बस फाट्यावरच थांबते, घर तुले माहीत आहे. अन् नऊ नंबर संग आणू नको — ती देव्हाऱ्यात ठेवायची की वावरात टांगायची, हे आता तुझ्या घरचं. तू एकटी येजो.